भाजलं पायाला, बिघडलं पोट: दारूचा यात काय संबंध?

बत्तीसचा

मंडळी, उपचारांचा सल्ला मागत नाहीये. डॉक्टर चांगले आहेत, उपचार चालू आहेत. मला फक्त समजून घ्यायचंय.

मामेभाऊ गुळव्या आहे, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर. हंगामात वाळवा-शिराळा पट्ट्यातल्या एका गुऱ्हाळावर असतो. रात्रीचं शेवटचं आदण, म्हणजे रसाची खेप, उतरवताना काहिलीचा (मोठ्या कढईचा) दांडा निसटला आणि कढता गूळ दोन्ही पायांवर आला. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, हे उकळत्या पाण्यासारखं नसतं. गूळ चिकटून बसतो आणि ओढायला जावं तर कातडीसकट निघतो. ३० टक्के भाजलंय म्हणाले. मिरजेला ॲडमिट आहे, आठवडा होत आला.

जखमा डॉक्टरांच्या मते ठीक आहेत. पण पोट टम्म फुगलंय, नळीतून दिलेलं अन्न परत येतंय, थंडी वाजून ताप. रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. डॉक्टर म्हणाले, हा बहुतेक आतड्यातून रक्तात गेलाय, आणि लगेच परत विचारलं, त्या रात्री दारू घेतली होती का? घरच्यांनी पहिल्या दिवसापासून एकच धरलंय: माळकऱ्याचं घर आहे, तो थेंबाला शिवत नाही. खरं म्हणजे क्वार्टर संपवून दुसरी फोडली होती, हे गुऱ्हाळावरच्या सगळ्यांना माहीत आहे.

भाजले पाय, मग आतडं कसं बिघडलं? आणि आठवड्यापूर्वी प्यायलेल्या दारूचं डॉक्टरांना आज काय काम?

रिकामटेकडा

आयसीयूत ताप यायला हजार कारणं असतात. सलाइनची नळी, लघवीची नळी, जखम. प्रत्येक गोष्टीचं खापर दारूवर फोडायची फॅशन आहे.

आबा वाळवेकर

आवो पन गुऱ्हाळावर कोन पित न्हाई? रातभर चुलवणापुढं बसायचं म्हंजे सोपं काम हाय व्हय. चुलवणात जाळ घालनाऱ्या जळव्याला तर लागतीच. पोराला लवकर बरं वाटूंदे.

मिरजेची सतार

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

रिकामटेकडा यांचा मुद्दा चुकीचा नाही. नळ्यांतून संसर्ग होतोच आणि डॉक्टरांनी त्या तपासल्या असणार. पण पोट फुगणं, अन्न परत येणं आणि रक्तात क्लेबसिएला हे एकत्र आलं की आतड्यावर संशय घ्यायला जागा आहे. क्लेबसिएला, ई. कोलाय ही मंडळी मुळात आतड्यात राहणारीच.

आतड्याचं आतलं अस्तर पेशींच्या फक्त एका थराचं असतं. वर बुळबुळीत श्लेष्माचं आवरण, खाली रक्तवाहिन्या आणि मध्ये हा एक पदर. त्यातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. शेजारच्या दोन पेशी एकमेकींना प्रथिनांच्या सांध्यांनी घट्ट शिवलेल्या असतात. ऑक्लुडिन, क्लॉडिन, झेडओ-१ ही त्या प्रथिनांची नावं. पाणी, साखर, क्षार आत घ्यायचे आणि अब्जावधी जंतूंना बाहेर ठेवायचं, हे काम याच पदराचं. (आतडं पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट मोजलं, तर सुमारे ३२ चौरस मीटर भरलं. तरी कातडीच्या कितीतरी पट आहे.)

मोठं भाजलं की भाजलेल्या जागेतून आणि एकूणच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं आणि रक्तदाब ढासळतो. शरीर मग मेंदू आणि हृदय सांभाळतं आणि आतड्याचं रक्त कमी करतं. आतड्याच्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. पुढे सलाइन चढून रक्त परत वाहू लागलं की तेव्हाही दुखापत होते, कारण एकदम आलेल्या ऑक्सिजनातून घातक रेणू तयार होतात. म्हणजे आतड्याला एकाच आजारात दोनदा मार बसतो.

पोटात दारू असेल तर हेच आणखी वाईट होतं. दारूचं विघटन होताना ॲसिटाल्डिहाइड बनतं. ते यकृतात बनतं, तसंच आतड्याच्या पेशींत आणि तिथल्या जंतूंतही बनतं. हे रसायन पेशींमधले सांधे थेट सैल करतं.

आता दाह, म्हणजे इजा झाल्यावर शरीर स्वतःच पेटवतं ती सूज. शिकागोच्या लोयोला युनिव्हर्सिटीत मश्कूर चौधरी यांच्या प्रयोगशाळेने यावर बरीच वर्षं काम केलंय. उंदरांना एकदाच दारू द्यायची, मग भूल देऊन भाजायचं आणि आतडं तपासायचं. नुसती दारू दिलेले उंदीर, नुसते भाजलेले उंदीर आणि दोन्ही झालेले उंदीर यांची तुलना करायची. दोन्ही एकत्र झालेल्या उंदरांच्या आतड्यात आयएल-६ आणि आयएल-१८ ही दाह भडकवणारी प्रथिनं जास्त सापडली. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे मोठ्या संख्येने गोळा झालेल्या दिसल्या. या पेशी आल्या जंतू मारायला, पण जंतूंसाठी सोडलेली रसायनं अस्तरालाच जाळतात. शिवाय दाहाच्या संदेशामुळे पेशींच्या आतलं स्नायूसारखं कडं आवळलं जातं आणि ते सांध्यांना आतून ओढतं. पेशी जिवंत असते, जागेवर असते, तरी शेजारणीपासून फट पडते.

त्याच वेळी आयएल-२२ नावाचं एक प्रथिन कमी पडतं. त्याचं काम अस्तर दुरुस्त करणं आणि जंतूंना आवर घालणारी नैसर्गिक प्रतिजैविकं तयार करवून घेणं. ते घटलं की क्लेबसिएला-ई. कोलायच्या कुळाची संख्या वाढते. म्हणजे बाहेर जंतू वाढले, भिंतीत फटी पडल्या आणि दुरुस्ती थांबली, हे सगळं एकाच वेळी होतं. उंदरांना बाहेरून आयएल-२२ दिलं तेव्हा गळती कमी झाली, जंतूंची वाढही आटोक्यात आली.

फटीतून काय जातं? कधी अख्खे जंतू, जास्त वेळा त्यांच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन. एक रस्ता रक्ताचा, तो आधी यकृतात जातो. दुसरा लसिकेचा, म्हणजे रक्तवाहिन्यांशिवाय वेगळ्या नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाचा (लिम्फ). ती लसिका छातीतल्या मोठ्या नळीतून हृदयाकडे आणि तिथून थेट फुप्फुसात जाते. भाजलं पायाला आणि धाप लागली, यामागे हा दुसरा रस्ता असू शकतो. यकृत आणि फुप्फुस या जंतूंच्या तुकड्यांशी लढायला पुन्हा दाह पेटवतात, आणि तो दाह रक्तातून आतड्यात परत येतो.

हे बरंचसं उंदरांमधलं आहे, हे लक्षात ठेवा. माणसाचं आतडं असं कापून पाहता येत नाही, आणि आजारी माणसात जंतू नेमका कुठल्या दाराने शिरला हे सिद्ध करणं फार अवघड. पण भाजलेल्या रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत हेच कूळ वाढलेलं दिसलंय. आणि दारू प्यायलेल्या अवस्थेत भाजलेल्या लोकांना संसर्ग जास्त होतात, ते जास्त दिवस दवाखान्यात राहतात, हे अनेक ठिकाणच्या रुग्णालयांच्या नोंदींत आलंय.

आबा वाळवेकर

सतारबाई, समदं कळलं न्हाई पन येवढं कळलं, चोर धराय आल्याल्या पोलिसांनीच दार मोडलं.

मिरजेची सतार

आबा, वर्गात हे तुमच्या नावाने सांगणार आहे.

रिकामटेकडा

मान्य. पण मग दारू उतरली की सांधे परत जुळायला हवेत ना? आठवडा झालाय.

मिरजेची सतार

नुसती दारू असती तर जुळलेही असते. इथे दारू उतरली तरी भाजल्याचा दाह चालूच आहे. मोठ्या जखमेचा दाह काही आठवडे शरीरात खदखदत राहतो. जखमेवर मृत कातडी आहे तोवर त्याला खाद्य मिळतं. म्हणून सर्जन ती लवकर काढून त्वचारोपण करायच्या मागे असतात.

सिस्टर४७

मी बर्न्स वॉर्डात होते, आता निवृत्त. बत्तीसचा, तुमचा दुसरा प्रश्न मी घेते, कारण याच प्रश्नावर आमची नातेवाइकांशी रोज वादावादी व्हायची.

कॅज्युअल्टीत पेशंट आला की विचारायचं, "दारू घेतली होती का?" बरोबर चौघे असतात. चौघे एका सुरात, "न्हाई ओ सिस्टर." गुळाच्या आणि जळक्या वासात दारूचा वास लपतो. मी मग बायकोला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर घ्यायची आणि हळूच विचारायची, "रोज किती?" ती पदराने डोळे पुसत बोटांनी दाखवायची. तोंडाने नाही, बोटांनी. कारण सासरा मागे उभा असायचा.

डॉक्टरांना हे का हवं असतं, तर:

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा तासांपासून दिवसभरात हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, नाडी पळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जण बरळतात, भिंतीवर किडे दिसतात, फिट येते. भाजलेल्या पेशंटला जंतुसंसर्ग झाला तरी नाडी पळते, घाम येतो, माणूस बरळतो. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे. दारूचं माहीतच नसेल तर डॉक्टर काय शोधत बसणार? शिवाय रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन म्हणजे बी-१ कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवत राहिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. एक साधं इंजेक्शन, पण ते द्यायचं हे कळायला खरी माहिती लागते. यकृत थकलेलं असेल तर वेदनाशामकं आणि अँटिबायोटिक्सचे डोसही बदलतात.

आणि सतारताईंनी लिहिलं तसं आतडं. दारूचं माहीत असेल तर पोटाकडे जास्त लक्ष दिलं जातं. पोटाचा घेर, नळीतून परत येणारं अन्न, लघवी किती होते, श्वास जोरात आहे का. तुम्हीही एवढं बघत राहा. काही बदललं की राउंडची वाट न बघता सिस्टरला सांगा.

कोयनेचं पाणी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दारूचं कागदावर आलं की मेडिक्लेम गेला. भाजल्याची केस म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवायची केस), पोलीस जबाब घेणार. गुऱ्हाळमालक म्हणणार, पिऊन पडला, माझा काय संबंध. घरचे लपवतात ते काय वेडे म्हणून नाही.

बत्तीसचा

हेच आहे. मामा हेच म्हणतात. मालकाने पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं, "दारूचं नाव काढू नका, सगळ्यांचं भलं होईल." त्याने ॲडव्हान्सही दिलाय.

सिस्टर४७

मालकाला तुमच्या भल्याची एवढी काळजी का, ते विचारा एकदा.

वकील नसलेला

कोर्टाच्या आवारात आयुष्य गेलं, टायपिस्ट म्हणून. त्यामुळे एवढं सांगतो.

कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा होता, २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आहे. त्यात असं आहे की अपघात थेट दारूच्या अंमलामुळेच झाला असेल तर मालकाची जबाबदारी टळते. 'थेट' आणि 'मुळेच' हे दोन्ही अधोरेखित. दांडा झिजलेला होता, फरशी मळीने निसरडी होती, उजेड नव्हता, तर नुसतं प्यायला होता एवढ्यावर भागत नाही. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दारूची ही पळवाट कायद्याने बंदच केलेली आहे. तुमच्या गुऱ्हाळाला हा कायदा लागू होतो का, ते कागद घेऊन वकिलाकडे बसून पाहा. दांड्याचे फोटो मात्र आजच काढून ठेवा, हंगाम संपला की तो बदलला जाईल.

मेडिक्लेमचं: व्यसन आणि त्याचे परिणाम वगळण्याचं कलम बहुतेक पॉलिसींत असतं, हे खरं. पण खोटी माहिती दिली हे नंतर उघड झालं तर त्यावरूनही दावा अडतो.

सिस्टर४७

आणि रक्ताच्या तपासण्या बोलतातच हो. यकृताचे आकडे बघून डॉक्टरांना अंदाज येतो. त्यांनी पुन्हा विचारलं याचा अर्थच त्यांना संशय आहे. तुम्ही 'हो' म्हणालात की ते काम पुढे नेतील.

हळदीचं पेव

सांगलीची हळद जगात भारी, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. दाहावर हळदीइतकं गुणकारी काही नाही. नळीतून हळद-दूध सुरू करा. जखमेवर पण लावा. सोबत ताक आणि ती प्रोबायोटिकची पुडी, आतडं ठणठणीत होईल.

मिरजेची सतार

सांगलीच्या हळदीचा अभिमान मलाही आहे, फोडणीत. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं. प्रयोगशाळेत पेशींवर ओतून दिसलेला गुण नळीतल्या हळद-दुधात येत नाही. जखमेवर तर बिलकूल नको. रंगाने जखम किती खोल आहे तेच कळेनासं होतं.

प्रोबायोटिकची गोष्ट ऐका. कल्पना आकर्षक आहे, चांगले जंतू घाला, वाईट हटतील. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांना आतड्यात थेट प्रोबायोटिक देऊन पाहिलं. २००८ मध्ये निकाल आला: प्रोबायोटिक घेतलेल्यांत १६ टक्के मृत्यू, न घेतलेल्यांत ६ टक्के. काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठाच बंद पडला होता. तो आजार वेगळा, पण आतड्याची अवस्था पाहा: रक्त कमी, दाह जास्त, भिंत सैल. अशा ठिकाणी 'चांगला' जंतूही फटीतून रक्तात जाऊ शकतो. घरी धडधाकट माणसाने ताक प्यावं, खुशाल प्यावं. आयसीयूत डॉक्टरांना न विचारता पुडी नको.

ग्लुटामिनचंही कुणी सांगेल. आतड्याच्या पेशींचं ते आवडतं इंधन, म्हणून मोठी आशा होती. गंभीर भाजलेल्या सुमारे १२०० रुग्णांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही.

हळदीचं पेव

मग काय नुसतं बघत बसायचं?

सिस्टर४७

नाही, खायला घालायचं. आतड्यासाठी सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खात्रीचं औषध म्हणजे पोटात अन्न जाणं.

लोक म्हणतात, "सलाइन चालूय ना, पोटाला जरा आराम द्या." अहो, आतड्याच्या पेशींना बरंचसं पोषण आतून जाणाऱ्या अन्नातून मिळतं. उपाशी ठेवलं की अस्तर बारीक होतं. म्हणून पहिल्या २४ तासांतच, जमलं तर त्याहून आधी, नळीतून थोडं थोडं अन्न सुरू करतात. पूर्वी भाजलेल्या माणसाच्या आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होऊन रक्तस्राव व्हायचा. कर्लिंग नावाच्या इंग्लिश सर्जनने १८४२ मध्येच ते लिहून ठेवलंय. लवकर अन्न आणि आम्लाची औषधं सुरू झाल्यावर ते फार कमी झालं.

तुमच्या भावाचं अन्न परत येतंय म्हणून वेग कमी करतील, नळी पोटाच्या पुढे सरकवतील, क्षार तपासतील. पोटॅशियम कमी असलं तरी आतडं ढिम्म होतं. मॉर्फिनसारखी वेदनाशामकंही आतडं मंद करतात. तेव्हा फुगलेल्या पोटाचं सगळं खापर भिंतीवर नको.

तोंडाने खायला लागला की प्रथिनं. मोठ्या माणसाला किलोमागे दीड ते दोन ग्रॅम रोज लागतात. ६० किलोचा असेल तर ९० ते १२० ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात, आता हिशेब करा. वरणाच्या पाण्यावर जखमा भरत नाहीत.

बत्तीसचा

घर माळकरी, अंडं चालणार नाही.

सिस्टर४७

मग पनीर, दूध, दह्याचा चक्का, सोयाबीन, शेंगदाण्याचं कूट, आणि डाएटिशियन देतील ती पावडर. माळ आड येत नाही.

बत्तीसचा

अपडेट. आज मामांना बाहेर चहाला नेलं आणि वहिनीने डॉक्टरांना सगळं सांगितलं. रोजची, किती वर्षांपासून, त्या रात्री किती. डॉक्टर चिडले नाहीत, लिहून घेतलं आणि म्हणाले की हात थरथरत होते त्याचा अर्थ आता लागला. बी-१ ची इंजेक्शनं सुरू केलीत. अँटिबायोटिक कल्चरप्रमाणे बदललंय. पोट अजून कडक आहे पण ताप उतरतोय. अन्न अगदी हळू वेगाने चालू ठेवलंय. दांड्याचे फोटो एका जळव्याने पाठवलेत, वेल्डिंग तुटलेलं स्पष्ट दिसतंय.

एक शेवटचं. वहिनीला शेजारच्या बाईने एक गोळी सांगितलीय. घरी आल्यावर जेवणात कुस्करून घालायची, नवऱ्याला कळू द्यायचं नाही, दारू आपोआप सुटते. द्यावी का?

सिस्टर४७

नाही. नाही. नाही. आपल्याकडे ही गोळी घराघरांत अशीच चोरून जाते. ती बहुतेक डायसल्फिरामची असते. पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, यकृत तपासून द्यायचं औषध आहे ते. न सांगता दिली आणि त्याने बाहेर घेतली, तर रक्तदाब एकदम पडतो, छाती धडधडते, जीवही जाऊ शकतो.

मिरजेची सतार

आणि ती गोळी नेमकं काय करते माहितीये? दारूपासून ॲसिटाल्डिहाइड बनल्यावर त्याचं पुढचं विघटन अडवते. तेच रसायन, ज्याने आतड्याचे सांधे सैल होतात. नुकत्या सावरलेल्या आतड्यात ते साठवून ठेवायचं का?

सिस्टर४७

डिस्चार्जच्या आधीच वॉर्डातून मानसोपचारच्या डॉक्टरांना बोलावणं पाठवायला सांगा. एवढे दिवस दारू सुटलेलीच आहे, पुढची औषधं त्याला समजावून तिथेच सुरू होतील. वहिनीलाही त्या बोलण्याला बसवा, मामांना नको.